घाटी चढलात की आलंच

हे मार्गदर्शन ज्यांनी नुकतीच सायकल घेतली आहे, किंवा घेतली आहे पण तिची खरी किंमत घरी अजून सांगितलेली नाही, अशांसाठी आहे. मुरलेल्या सायकलस्वारांनी ते वाचू नये. त्यांना यातलं सगळं ठाऊक असतं. नवशिक्याला मात्र ते ‘मस्त रस्ता आहे, ट्रॅफिक अजिबात नाही’ एवढंच सांगतात आणि मग चढाच्या माथ्यावर उभे राहून तो येईपर्यंत चिक्की खातात.

तर पहिला नियम असा, की कोणी रिकामा रस्ता दाखवला तर तो रिकामा का आहे, हे आधी विचारायचं. मुंबई-पुण्याची माणसं इथंच फसतात. रिकामा रस्ता म्हटलं की त्यांचा कंठ दाटून येतो, पुढचं काही ऐकूच येत नाही. कोकणच्या किनाऱ्यानं रायगडातल्या रेवसपासून सिंधुदुर्गातल्या रेड्डीपर्यंत जाणारा जो सागरी मार्ग आहे, तो असा कंठ दाटवणारा रस्ता आहे. बॅ. अंतुले १९८० ते ८२ मध्ये मुख्यमंत्री होते तेव्हापासून या मार्गाचं घोंगडं भिजत पडलं आहे. रस्ता आहे, पण खाड्या आडव्या आल्या की तो संपतो आणि पलीकडच्या काठावर पुन्हा सुरू होतो. मधे तुम्ही आणि पाणी. त्यामुळे ट्रकवाले मुंबई-गोवा महामार्ग धरतात, रात्रीच्या लक्झरी तिकडूनच जातात आणि घाईतला माणूस इकडे फिरकत नाही. शिल्लक राहिलेला रस्ता तुमचा.

दुसरं कारण तुम्हाला पहिल्याच दिवशी दुपारी कळेल, पण आधीच सांगून ठेवतो. सह्याद्री इथं समुद्रापासून फार तर पन्नास-साठ किलोमीटरवर. एवढ्याशा अंतरात नद्यांना डोंगरमाथ्यावरून समुद्र गाठायचा असतो, म्हणून त्या वेळ न दवडता पश्चिमेला धावतात आणि जाताना जांभ्याचं पठार, म्हणजे इथला सडा, आरपार कापत जातात. कुंडलिका, सावित्री, भारजा, जोग, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, वाघोटन, गड, कर्ली, तेरेखोल. शाळेत ही यादी पाठ झाली नसेल तर काळजी नको, आता मांड्या पाठ करतील. नद्या पूर्व-पश्चिम आणि तुम्ही उत्तर-दक्षिण. म्हणजे रस्ता सड्यावरून खाली येणार, खाडीच्या पाण्याला हात लावणार आणि पलीकडे पुन्हा सड्यावर चढणार. शंभर-सव्वाशे मीटर खाली, तेवढेच वर. मोठ्या नद्यांच्या मधे ज्यांना नकाशातही नाव नाही असे वहाळ आहेत, त्यांचाही मान ठेवावा लागतो. दिवसातून पाच-सहा वेळा हे झालं की पुणेकरांच्या हिशोबात एक सिंहगड झाला. गंमत म्हणजे सकाळी तुम्ही समुद्रकिनाऱ्यावरून निघालात आणि संध्याकाळी समुद्रकिनाऱ्यावरच पोचलात. कागदावर चढ शून्य. घरच्यांना सांगताना हाच आकडा सांगावा.

दापोलीजवळ बुरोंडीला पृथ्वीच्या गोलावर उभ्या परशुरामाचा भव्य पुतळा आहे. परशुरामानं बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकण वर काढलं, ही कथा सगळ्यांना माहीत असते. तिथपर्यंत चढून आलेल्या सायकलस्वाराच्या मनात मात्र एवढंच येतं, की एवढं केलंत देवा, तर जमीन जरा सपाट करून द्यायची होतीत.

सायकल

दुकानदार तुम्हाला बारीक टायरची, खाली वळलेल्या हँडलची, वाऱ्यासारखी पळणारी सायकल दाखवेल. ती पळते. तुम्हाला पळवत नाही. सड्यावर चढताना तुमचा वेग ताशी सहा किलोमीटर असणार आहे, आणि त्या वेगाला वारा कापणारी बनावट घेतलीत काय आणि साधं लोखंड घेतलंत काय, फरक पडत नाही. दुकानदाराला एकच गोष्ट विचारा. पुढची सगळ्यांत लहान दातेरी चकती आणि मागची सगळ्यांत मोठी चकती, या दोघींचे दात किती? दोन्ही सारखे असले तर पेडलच्या एका फेऱ्याला चाकाचा एकच फेरा होतो, आणि माणूस बसल्या बसल्या घाटी चढू शकतो. मागचे दात पुढच्यापेक्षा जास्त असले तर उत्तमच. दुकानदार म्हणेल, ‘एवढा हलका गिअर कोणी वापरत नाही साहेब.’ तो दुकानात बसतो, त्याला नाही लागत.

टायर ३२ ते ४० मिलिमीटर रुंदीचा असावा. रस्ता चांगला असतोच. फक्त जिथं नसतो तिथं तो अगदीच नसतो, आणि ते वळण घेतल्यावर कळतं. जादा ट्यूब दोन, पंक्चरचं सामान, हातपंप आणि चेनला घालायचं तेल. तेलाचं महत्त्व फेरीबोटीच्या भागात येईल.

सामानाबद्दल सगळे नवशिके सारखेच वागतात. तीन दिवसांसाठी पाच टी-शर्ट, लॅपटॉप, एक जाड पुस्तक. कोकणात साबण मिळतो. टूथपेस्ट मिळते. टॉवेल घरवाल्या काकू देतात. पुस्तक वाचायला डोळे उघडे राहणार नाहीत. जे काही नेणार ते कॅरिअरला पिशव्या लावून न्यावं, पाठीवर सॅक नको. दमट हवेत सॅकखाली पाठीची जी अवस्था होते ती संध्याकाळी कोणाला दाखवण्यासारखी नसते.

आता एक नाजूक विषय. सायकलची गादीवाली चड्डी. ती घ्यावीच. तिच्या आत दुसरं काही घालायचं नसतं. घातलंत तर शिवणीचा वळ कुठं उठतो ते दुसऱ्या दिवशी खुर्चीवर बसताना कळेल. पण ही चड्डी घालून गावात हिंडायचं नसतं. देवळात तर नाहीच. हरिहरेश्वरच्या, वेळणेश्वरच्या पायरीवर बसलेल्या आजींनी आजवर पुष्कळ पाहिलं असेल, म्हणून त्यांना आणखी दाखवावं असं नाही. एक पंचा जवळ ठेवावा. तो गुंडाळला की माणूस पुन्हा माणसांत येतो, आणि खाडीत पाय धुतल्यावर पुसायलाही होतो.

चढण्याची पद्धत

चढ लागण्यापूर्वी गिअर हलका करायचा. चढ लागल्यावर नव्हे. चढावर सगळं वजन पेडलवर असताना गिअर बदललात की मागून कट्ट असा आवाज येतो, चेन दोन चकत्यांच्या मधे बसते आणि सायकल जागच्या जागी उभी राहते. तुम्ही मात्र उभे राहत नाही. करवंदीच्या जाळीच्या बाजूला पडावं की गटाराच्या, हे ठरवायला त्या वेळी सवड नसते.

श्वास लागला की बोलणं बंद करावं. सोबत्यानं मुद्दाम प्रश्न विचारले तर मान हलवावी. उभा चढ आला तर रस्ता रिकामाच आहे, तेव्हा नागमोडी जायला हरकत नाही. त्यानं अंतर वाढतं आणि कष्ट विभागले जातात. हप्ते पाडण्याचा हा प्रकार मराठी माणसाला शिकवावा लागू नये. नागमोडी जाताना वळणावर मात्र आपली बाजू सोडू नका. का, ते रहदारीच्या भागात सांगतो.

एवढं करूनही नाही जमलं तर खाली उतरावं आणि सायकल हातात घेऊन चालावं. यात कमीपणा नाही. सायकल ढकलणारा माणूस ताशी चार किलोमीटर जातो आणि चढवणारा सहा. दोन किलोमीटरच्या घाटीला दहा मिनिटांचा फरक. एवढ्यासाठी हृदयाला ओझं कशाला? अडचण एवढीच, की नेमकी तेव्हाच दुचाकीवरून कोणीतरी मागून येतो, गाडी हळू करतो आणि तुमच्या बरोबरीनं चालवत मुलाखत घेतो.

‘कुठून?’

‘पुण्याहून.’

‘सायकलवरनं?’

‘हो.’

थोडा वेळ नुसता गाडीचा आवाज.

‘गाडी नाय काय तुमच्याकडं?’

‘आहे. घरी आहे.’

‘बिघडलीय?’

‘नाही, चालू आहे.’

इथं तो तुमच्याकडे एकदा नीट बघतो. मग ‘घाटी चढलात की आलंच’ असं म्हणून निघून जातो. काय आलं, ते सांगत नाही. होतकरू मंडळींनी लक्षात ठेवावं, की या वाक्याला अंतराचा काही आधार नसतो. ती शुभेच्छा असते.

उतरण्याची पद्धत

चढापेक्षा उतार अवघड, हे नवशिक्याला पटत नाही. तो दमून सड्यावर आलेला असतो, समोर खाडी चमकत असते, नारळी-पोफळीच्या बागा दिसतात आणि रस्ता स्वतःहून खाली घसरत असतो. त्याला वाटतं, आता ब्रेक न लावता सुटायचं आणि त्या जोरावर पलीकडची निम्मी घाटी फुकटात चढायची. पदार्थविज्ञानात हे बरोबर आहे. कोकणात नाही. कारण प्रत्येक उताराच्या तळाशी एक गाव असतं, गावाच्या तोंडाशी एक काटकोनी वळण असतं, वळणावर रेती असते, आणि रेतीच्या पुढे पांढरे पट्टे न मारलेला गतिरोधक असतो. गतिरोधकाच्या अलीकडे कोंबड्या. त्या तुम्ही येईपर्यंत रस्त्याच्या कडेला निवांत असतात आणि तुम्ही आलात की पलीकडे जायचं ठरवतात.

ब्रेक सतत दाबून धरायचे नाहीत. वळणाआधी नीट दाबायचे, वेग उतरवायचा, सोडायचे, पुन्हा दाबायचे. दोन्ही ब्रेक वापरायचे. सततच्या घर्षणानं साध्या ब्रेकची रिम तापते आणि उताराच्या शेवटी, म्हणजे नेमके कोंबड्यांपाशी, ब्रेक ढिले लागतात.

रहदारी नसलेल्या रस्त्यावरची रहदारी

पहिला मान एसटीचा. दिवसातून दोन-तीन वेळाच येते, पण येते ती रस्त्याच्या मधून, आणि वळणावर भेटते. चालकाचा दोष नाही. रस्ता तिच्याच मापाचा आहे. वळणाआधी तो लांबलचक हॉर्न देतो, तो ऐकायचा. म्हणजे कानात गाणी नकोत. हॉर्न ऐकू आला की वाद न घालता रस्त्याच्या कडेला उतरून उभं राहायचं. वस्तीची गाडी असेल तर तो ती वाडीत रात्रीपुरती लावून तिच्यातल्याच बाकावर झोपणार आहे आणि पहाटे परत निघणार आहे. अशा माणसाला चार सेकंद द्यायला काय हरकत आहे?

दुसरा मान मासळीच्या टेम्पोचा. हर्णै बंदरात दुपार उतरली की लिलाव होतो आणि मग हे टेम्पो निघतात. त्यांच्या मागच्या फळीतून बर्फाचं पाणी ठिबकत असतं. वळणावर गाडी कलली की ते भसकन सांडतं. डांबरावर ओला डाग दिसला आणि वास आला, की तिथं सायकल वाकवायची नाही. ताठ ठेवून हळू काढायची. हे कुठल्याही सायकलच्या पुस्तकात सापडणार नाही. एप्रिल-मेमध्ये यात आंब्याच्या पेट्यांच्या गाड्यांची भर पडते, आणि त्यांना बाजार गाठायची घाई असते.

बाकीची रहदारी चार पायांची. म्हशी अंगावर येत नाहीत, पण बाजूलाही होत नाहीत. वानरांना खाण्याची पिशवी कुठली हे तुमच्याआधी कळतं. कुत्र्यांचं शास्त्र निराळं. पळणाऱ्या सायकलच्या मागे लागणं हा त्यांचा धर्म आहे. तुम्ही थांबलात, उतरलात आणि सायकल मधे धरून उभे राहिलात की त्यांना पुढं काय करायचं ते सुचत नाही. चढावर असाल तर हे आपोआपच होतं.

आणि वर्षातले काही दिवस हा रस्ता रिकामा नसतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. नाताळ ते एक जानेवारी, कुठलीही सलग तीन दिवसांची सुट्टी, मे महिना. गणपतीत आणि शिमग्याला चाकरमानी घरी येतात. तेव्हा तर आपण वाटेत येऊच नये, तो त्यांचा रस्ता आहे. शनिवार-रविवारी दिवेआगर, मुरुड, गणपतीपुळे इथं पुणं भेटतं. पुण्यालाच भेटायचं असेल तर एवढी घाटी चढून यायची गरज नाही.

वाट विचारणे

मोबाइलवरचा नकाशा चांगला असतो, पण त्याला पाखाडी आणि रस्ता यांतला फरक नेहमीच कळत नाही. जांभ्याच्या चिऱ्यांच्या पायऱ्यांची ती वाट बागांमधून सरळ खाली उतरते, अंतर कमी भरतं, म्हणून नकाशा उत्साहानं तिकडे वळवतो. मग भरलेली सायकल खांद्यावर घेऊन शेवाळलेल्या पायऱ्या उतरण्याचा योग येतो. तेव्हा माणसाला विचारा. बाई असेल तर जास्त चांगलं, कारण ती ‘माहीत नाही’ असं म्हणू शकते.

विचारण्याची रीत अशी. ‘केळशी किती लांब?’ असं विचारू नये. उत्तर ‘हे काय, इथंच’ असं येतं. ‘मधे घाटी किती?’ असं विचारावं. ‘नाय, घाटी नाय, जरा चढ हाय’ म्हणजे पहिला गिअर. ‘थोडी घाटी हाय’ म्हणजे उतरून चालायचं. ‘घाटी हाय हां’ असं कोणी गंभीर चेहऱ्यानं म्हटलं, तर त्याच गावात मुक्काम करावा.

पाणी मागायला एखाद्या घरी थांबलात तर पाण्याबरोबर गूळ येईल, आणि आजी असतील तर चौकशीही. एवढ्या उन्हातून कशाला, सोबत कोण, आणि शेवटी ‘आईला माहीत आहे का?’ तुमचं वय पंचेचाळीस असलं तरी उत्तर ‘हो’ असंच द्यावं.

आहार

कोकणात जेवण असतं, पण ते सांगून ठेवावं लागतं. सकाळी निघताना पुढच्या गावच्या खानावळीला फोन करून ‘दोन माणसं, शाकाहारी’ किंवा ‘दोन, सुरमई असेल तर’ असं सांगायचं. न सांगता दोन वाजता दारात उभे राहिलात तर आतून काकू येतील, तुमच्याकडे मनापासून कणवेनं बघतील आणि म्हणतील, ‘सांगितलं नव्हतंत ना?’ शहरी माणसाला हा उद्धटपणा वाटतो. तसं नाही. माणसं मोजून नारळ खोवलेला असतो.

न्याहरीला घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी मिळाली तर चारांवर थांबावं. पाचवा वाढायला येतील, नको म्हणावं. दुपारी भात आणि आमटी, वर सोलकढी. उकडीचे मोदक समोर आले तर आजचा दिवस इथंच संपला असं समजावं. मोदकांवर घाटी चढवलेला माणूस अजून पाहण्यात नाही. बारा ते चार सायकल चालवूच नये. दमट हवेत घाम सुकत नाही, अंग थंड होत नाही आणि डोकं दुखायला लागतं. वामकुक्षी ही या मार्गावर वैद्यकीय गरज आहे. घामाबरोबर मीठ जातं, म्हणून नुसतं पाणी पिऊन भागत नाही. मीठ घातलेलं कोकम सरबत दर दुकानात मिळतं आणि चवीलाही पुड्यांमधल्या रंगीत पेयांपेक्षा कितीतरी बरं.

सड्यावर मात्र काही मिळत नाही. सावली नाही, टपरी नाही, माणूस नाही. दोन लिटर पाणी खालूनच भरून घ्यायचं.

सडा

इतकं चढून वर काय आहे, असं विचाराल तर बहुतेक ठिकाणी काही नाही. काळपट कातळ, वाळलेलं गवत, वारा. पण राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर जरूर थांबावं. जमिनीवरच्या कातळात हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी एक प्रचंड हत्ती कोरून ठेवला आहे. उभ्या उभ्या तो दिसत नाही. पायाखाली नुसत्या रेषा दिसतात. कडेकडेनं चालत गेलं की सोंड लागते, मग पाय, आणि हत्तीच्या अंगातच कोरलेली आणखी कितीतरी जनावरं. कोकणच्या सड्यांवर अशी कातळशिल्पं गावोगावी सापडली आहेत, आणि २०२२ साली त्यांचं नाव युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत गेलं. ती कोरणारे लोक इतक्या वर कशाला चढले असतील, हा विचार मांड्या दुखत असतानाच नीट करता येतो. सायकल बाहेर ठेवून आत जायचं. कातळशिल्पावरून चाक नेऊ नये, तळाला लोखंडी क्लीट असलेले बूटही नकोत.

फेरीबोट

आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. या चार फेऱ्या म्हणजे सायकलस्वाराला कोकणानं दिलेली सवलत. दाभोळहून पलीकडे जायला बोट नसती तर वाशिष्ठीला वळसा घालून चिपळूणपर्यंत जावं लागलं असतं. इथं बोटीचं तोंड खाली पडतं, मोटारी उलट्या पावली आत शिरतात, सायकलला एक कोपरा मिळतो आणि काही मिनिटांत पलीकडचा धक्का येतो. तेवढ्या वेळात बोटीवरचा कोणीतरी तुमचा टायर दाबून पाहतो, दुसरा घंटी वाजवतो, तिसरा किंमत विचारतो. किंमत सांगताना घरी सांगितली तीच सांगावी.

धक्क्याचा उतार ओला आणि शेवाळलेला असतो, ओहोटीला तो आणखी उघडा पडतो. तिथं सायकलवर बसून रुबाबात उतरायचं नाही. चालत. पावसाळ्यात फेऱ्यांचा भरवसा नसतो, आणि शेवटची बोट किती वाजता सुटते हे सकाळीच विचारून ठेवायचं. खारं पाणी चेनवर उडालं तर रात्रीत तांबेरा धरतो, म्हणून मुक्कामाला पोचल्यावर आधी गोड्या पाण्यानं चेन पुसायची, तेल घालायचं, मग आपली आंघोळ. याच कारणासाठी ओहोटीच्या कडक वाळूवरून सायकल हाणण्याचा मोह आवरायचा. फोटो चांगले येतात. चेन आणि बेअरिंग मरतात.

तर कुठून कुठे

दिवेआगर ते गुहागर. पहिल्या खेपेला याहून जास्त नको. दिवेआगरहून श्रीवर्धनला जाणारा रस्ता बराच वेळ समुद्राला चिकटून जातो आणि जवळपास सपाट आहे; नवशिक्याचा आत्मविश्वास वाढायला तेवढं पुरे. हरिहरेश्वर झालं की बागमांडल्याला बोट. पलीकडे बाणकोट, मग वेळास. हे नाना फडणवीसांचं गाव, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर कासवांची पिल्लं समुद्राकडे निघालेली पाहायला मिळतात. पुढे केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरुड. मुरुडहून दापोलीला वर चढण्याऐवजी लाडघर, बुरोंडी, कोळथरे करत दाभोळ गाठावं. हा या सगळ्या मार्गातला माझ्या मते सर्वांत देखणा तुकडा, आणि सर्वांत तिरका. दाभोळला बोट, धोपाव्याहून गुहागर. रोज चाळीस-पन्नास किलोमीटरच्या वर जायचं नाही.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडेच ठेवावी. हिवाळ्यात दुपारनंतर या किनाऱ्यावर वारा बहुधा वायव्येकडून येतो. तो पाठीवर घ्यायचा की छातीवर, एवढाच प्रश्न आहे. मुंबईकरांना भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला २०२० पासून रो-रो बोट आहे, तीत सायकलसकट चढता येतं. पुणेकर ताम्हिणी उतरून येतात आणि फार खूश असतात. परत ताम्हिणी चढायची नाही, हे त्यांनी आधीच ठरवून टाकावं. गुहागरहून चिपळूण गाठायचं आणि कोकण रेल्वेच्या सामानाच्या डब्यात सायकल टाकायची. पार्सलची चौकशी आदल्या दिवशी करावी, प्रत्येक गाडी आणि प्रत्येक स्टेशन सायकल घेईलच असं नाही. रेल्वेनं या डोंगरांत नव्वदच्या वर बोगदे खोदले. बसल्या जागी ते मोजत परत येताना रेल्वेच्या इंजिनिअरांबद्दल फार आदर वाटतो.

शेवटची सूचना घाईची आहे. खाड्यांवर आता मोठे पूल बांधायचं काम हाती घेतलं गेलं आहे. ते व्हायलाच हवेत. रात्री अडलेल्या बाईला पलीकडच्या दवाखान्यात न्यायचं असतं तेव्हा शेवटची बोट सुटून गेलेली असते; आपल्या हौसेसाठी कोणी धक्क्यावर ताटकळावं, असं म्हणणारा सायकलस्वार घाटी चढायच्या लायकीचा नाही. पण पूल झाले की महामार्गावरच्या गाड्या इकडे वळणार, आणि मग रस्ता रिकामा का आहे हे विचारायची वेळ कोणावर येणार नाही. तेव्हा ज्याला जायचं आहे त्यानं येत्या थंडीतच जाऊन यावं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सोमवार ते गुरुवार. रजा आत्ताच टाका, आणि फेरीबोटीवर सायकलचं तिकीट वेगळं पडतं, सुटे पैसे जवळ ठेवा.